बेसबॉलच्या गोंधळात टाकणाऱ्या नियमांमागील तर्क : एक चिकित्सा

प्रस्तावना

खेळाचे नियमपुस्तक सहसा संहिता म्हणून वाचले जात नाही. वाद उद्भवला की ते उघडावयाचे आणि वाद शमला की मिटून ठेवावयाचे, एवढाच त्याचा उपयोग मानला जातो. परंतु नियमही अखेर भाषेतच लिहिलेले असतात. त्यांत कोणता शब्द का आला, कोणता अपवाद कशासाठी जोडला गेला आणि कोणती गोष्ट पंचाच्या विवेकावर सोडली गेली, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाहीत. अमेरिकेत रुजलेल्या बेसबॉल या खेळाचे नियमपुस्तक या दृष्टीने विशेष वाचनीय आहे. झेल सुटला तरी फलंदाज बाद, तिसरा चेंडू हुकला तरी फलंदाज नाबाद, आणि चेंडूफेक करणाऱ्याचा खांदा किंचित हलला म्हणून धावकाला फुकट बढती, अशा तरतुदी नवख्या प्रेक्षकाला बुचकळ्यात टाकतात. ‘हे नियम कुणाच्या तरी लहरीतून आले असावेत’ हा त्याचा पहिला समज असतो.

हा समज कितपत खरा आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी इनफिल्ड फ्लाय, निसटलेला तिसरा स्ट्राइक आणि बॉक हे तीन नियम निवडले आहेत. मराठी वाचकाला परिचित असलेला क्रिकेटमधील पायचीतचा नियम येथे दिशादर्शक ठरतो. १७७४ च्या क्रिकेट नियमावलीत, चेंडू अडवण्याच्या उद्देशाने पाय यष्टीपुढे आणणारा फलंदाज बाद ठरत असे. उद्देश मात्र डोळ्यांना दिसत नाही. पुढे उद्देशाचा शब्द गळाला आणि चेंडूचा टप्पा कोठे पडला, पाय कोणत्या रेषेत होता, अशी दृश्य परिमाणे त्याच्या जागी आली. नियम न्याय्य झाला, पण समजावयास कठीणही झाला. बेसबॉलच्या नियमांतील गुंतागुंतही बव्हंशी याच वाटेने आली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

खेळाची चौकट

विवेचनापूर्वी काही मूलभूत गोष्टी सांगणे आवश्यक आहे. बेसबॉलच्या मैदानात चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात आणि लगतच्या दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. पिचरने फेकलेला चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या बेसकडे धावतो. तेथून दुसरा, तिसरा आणि पुन्हा मूळ स्थान असा फेरा पूर्ण झाला की एक धाव होते. तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपते.

या चौकटीत धावकावर दोन परस्परविरोधी कर्तव्ये येतात. टोलवलेला चेंडू जमिनीवर पडला तर फलंदाज पहिल्या बेसकडे येणार असतो. त्यामुळे तेथे उभ्या असलेल्या धावकाला जागा रिकामी करून पुढे जावेच लागते. अशा धावकाला स्पर्श करण्याचीही गरज नसते. तो पोहोचण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने चेंडूसह पुढच्या बेसवर पाय ठेवला की तो बाद होतो. यालाच ‘फोर्स आउट’ म्हणतात. याउलट चेंडू हवेतच झेलला गेला तर फलंदाज बाद होतो आणि धावकाने आपल्या मूळ बेसवर असणे बंधनकारक ठरते. तो बेस सोडून पुढे गेला असेल आणि चेंडू त्याच्याआधी तेथे पोहोचला तर तोही बाद होतो. चेंडू पडला तर पुढे धावा, झेलला गेला तर मागे फिरा, असे हे द्वंद्व आहे. बेसबॉलमधील अनेक क्लिष्ट नियमांचे मूळ त्यातच आहे.

इनफिल्ड फ्लाय : हेतूऐवजी परिस्थिती

समजा, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक आहेत आणि दोनपेक्षा कमी गडी बाद झाले आहेत. फलंदाजाने चेंडू उंच उडवला आणि तो जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात अलगद येणार आहे. क्षेत्ररक्षकाने प्रामाणिकपणे झेल घेतला तर एक गडी बाद होतो. पण त्याने चेंडू मुद्दाम जमिनीवर पडू दिला तर? झेल होणार या खात्रीने धावक आपापल्या बेसवर थांबलेले असतात. चेंडू पडताच त्यांच्यावर पुढे धावण्याची सक्ती येते आणि क्षेत्ररक्षक चेंडू तिसऱ्या व दुसऱ्या बेसकडे फेकून सहज दोन गडी बाद करतो. धावक आधीच पुढे सरकले असतील तर तो झेल घेतो आणि त्यांना मागच्या बेसवर पकडतो. धावकांनी कोणताही निर्णय घेतला तरी तो चुकीचाच ठरतो. त्यांच्या हाती योग्य असा पर्यायच उरत नाही.

या युक्तीला पायबंद घालणारा नियम १८९० च्या दशकात आला. आरंभी तो एक गडी बाद असतानाच लागू होता. १९०१ मध्ये त्याची व्याप्ती एकही गडी बाद नसतानाच्या स्थितीपर्यंत वाढवण्यात आली. पहिला व दुसरा किंवा पहिले तिन्ही बेस व्यापलेले असतील, दोनपेक्षा कमी गडी बाद असतील आणि इनफिल्डरला सामान्य प्रयत्नाने घेता येईल असा झेल उडाला असेल, तर पंच तो झेल पूर्ण होण्याची वाट न पाहता फलंदाजाला बाद घोषित करतो. फलंदाज बाद झाल्यामुळे धावकांवरील सक्ती संपते आणि चेंडू मुद्दाम पाडण्यातील लाभच नाहीसा होतो.

नियमातील प्रत्येक विचित्र अट या एका सूत्राने उलगडते. केवळ पहिल्या बेसवर धावक असेल तर नियम का लागू होत नाही? कारण तेव्हा फलंदाज नेटाने धावला तर क्षेत्ररक्षकाला एकच गडी मिळतो. चेंडू पाडून विशेष काही साधत नाही. सपाट, वेगवान टोला का वगळला आहे? कारण तो हाताशी येईपर्यंत कपट रचायला अवधीच नसतो. बंटचा प्रयत्न का वगळला आहे? कारण तेथे बॅट चेंडूसमोर नुसती धरून तो जवळच पाडण्याचा धोका फलंदाजी करणाऱ्या संघाने स्वतः पत्करलेला असतो. आणि फलंदाज बाद ठरूनही चेंडू मृत का मानला जात नाही? कारण नियमाला धावकांची सक्ती काढावयाची आहे, त्यांचे स्वातंत्र्य नव्हे. झेल सुटलाच तर त्यांनी आपल्या जबाबदारीवर धावावे.

येथे सर्वांत लक्षणीय बाब ही की, क्षेत्ररक्षकाने चेंडू ‘मुद्दाम’ सोडला काय, हा प्रश्न नियम विचारतच नाही. चेंडू हातात येऊन मुद्दाम पाडण्याविषयी स्वतंत्र तरतूद पुस्तकात आहे. परंतु चेंडूला स्पर्शच न करता तो पडू देणारा क्षेत्ररक्षक कपटी होता की भांबावलेला, हे कोण ठरवणार? म्हणून नियमाने मनाचा शोध घेणे सोडून दिले आणि बेस, बाद झालेले गडी व टोल्याचा प्रकार या मोजता येणाऱ्या गोष्टी हाती घेतल्या. गुंतागुंत वाढली, पण तिच्या मोबदल्यात पंचाची परचित्तप्रवेश करण्याच्या अशक्य कामातून सुटका झाली.

या नियमाने अमेरिकेतील विधिज्ञांनाही भुरळ घातली. १९७५ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हानिया लॉ रिव्ह्यूमध्ये विल्यम स्टीव्हन्स या विद्यार्थ्याचे एक छोटेखानी टिपण लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. इंग्रजी सामान्य कायदा जसा एकेका प्रकरणातून वाढत गेला, तसाच इनफिल्ड फ्लायचा नियमही वाढला, असे त्यात मिश्कील पण गंभीर पद्धतीने मांडले होते. हौशी, सभ्य खेळाडूंच्या काळात अशा युक्त्या अप्रतिष्ठेच्या मानल्या जात. विजयाला महत्त्व आले तेव्हा त्या अवतरल्या आणि संकेताचे काम नियमाला करावे लागले, हा त्यातील विचार आजही ग्राह्य वाटतो.

निसटलेला तिसरा स्ट्राइक : अवशेष आणि तत्त्व

दुसरा नियम याहून जुना आहे. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरने जमिनीवर पडण्यापूर्वी झेलला नाही, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावण्याचा हक्क मिळतो. पराभूत झालेल्याला ही दुसरी संधी का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर इतिहासात आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ गुट्समुथ्स यांनी १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळांविषयीच्या ग्रंथात इंग्रजी बेसबॉलचे वर्णन आढळते. त्या खेळात फलंदाजाला तीन प्रयत्न मिळत आणि तिसऱ्या प्रयत्नात चेंडू बॅटला लागो वा न लागो, तो खेळात आला असे मानून फलंदाजाला धावावे लागे. रिचर्ड हर्शबर्गर या बेसबॉल इतिहासकाराने हा धागा आजच्या नियमाशी जोडून दाखवला आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमावलीतही हीच कल्पना आहे : तीनदा हुकलेला शेवटचा चेंडू झेलला गेला तर फलंदाज बाद, न झेलला गेला तर त्याने धावणे बंधनकारक. म्हणजे मुळात ‘स्ट्राइक आउट’ ही स्वतंत्र शिक्षा नव्हती. तो कॅचरने घेतलेला झेलच होता. आजही अशा प्रसंगी गडी बाद केल्याची नोंद सांख्यिकीत कॅचरच्या नावावर होते, ती याच जुन्या समजुतीची खूण आहे.

हा नियम केवळ अवशेष असता तर तो कधीच गळून पडला असता. तो टिकला, कारण त्यात एक तत्त्व दडलेले आहे. फलंदाजाच्या अपयशाने गडी बाद होत नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने आपले काम पूर्ण केले पाहिजे. मात्र त्याच तत्त्वातून पुन्हा कपटाला वाट मिळाली. पहिल्या बेसवर धावक असताना कॅचरने तिसरा स्ट्राइक मुद्दाम पाडला तर फलंदाज धावक बनतो, मूळ धावकावर पुढे जाण्याची सक्ती येते आणि एकाऐवजी दोन गडी टिपता येतात. म्हणून अपवाद जोडला गेला : पहिला बेस व्यापलेला असेल आणि दोनपेक्षा कमी गडी बाद असतील, तर चेंडू निसटला तरी फलंदाज बादच. दोन गडी बाद असताना अपवाद उठतो, कारण तेव्हा एकच गडी हवा असतो आणि कपटातून जादा काही मिळत नाही. इनफिल्ड फ्लायचे सूत्र येथे जसेच्या तसे दिसते. प्रेक्षकाला असंबद्ध वाटणारे हे दोन नियम वस्तुतः एकाच कुळातील आहेत.

या नियमाने मोठे सामने फिरवले आहेत. ५ ऑक्टोबर १९४१ रोजी वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात ब्रुकलिन डॉजर्स ४–३ असे पुढे होते आणि नवव्या डावात न्यूयॉर्क यांकीजचे दोन गडी बाद झाले होते. टॉमी हेनरिक तिसऱ्या स्ट्राइकवर हुकला. पण चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या हातून निसटला आणि हेनरिक पहिल्या बेसवर पोहोचला. यांकीजने तो सामना ७–४ असा जिंकला आणि पुढे मालिकाही जिंकली. या प्रसंगाने ओवेनचे नाव कायमचे एका चुकीशी जोडले गेले. हा नियम अन्याय्य म्हणावा काय? तसे म्हणता येत नाही. शेवटचा गडी बाद झाल्यासारखा दिसणे आणि बाद होणे यांतील अंतर हाच त्या खेळाचा आत्मा आहे, आणि नियम तेवढेच अंतर जपतो.

बॉक : कोणते कपट मान्य, कोणते अमान्य

तिसरा नियम सर्वांत दुर्बोध मानला जातो. बेसवर धावक असताना पिचरने चेंडूफेकीची क्रिया सुरू करून ती अर्ध्यावर सोडली, किंवा पुरेसे स्थिर न होता चेंडू फेकला, तर ‘बॉक’ घोषित होतो आणि प्रत्येक धावकाला एक बेस पुढे जाता येते. नियमपुस्तकात बॉकचे तेरा प्रकार दिले आहेत. पिचरने धावकाला हेतुतः फसवू नये, हा या नियमाचा उद्देश असल्याचे पुस्तकातील टीपच सांगते आणि शंका असल्यास पिचरचा हेतू पाहावा, असेही सुचवते. येथे हेतू मागच्या दाराने परत आला आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. बेसबॉलला कपट खरोखर वर्ज्य आहे काय? क्षेत्ररक्षक चेंडू हातमोज्यात लपवून ठेवतो आणि धावकाने बेस सोडताच त्याला बाद करतो, ही युक्ती वैध आहे. मात्र त्या वेळी चेंडूविना पिचर आपल्या फळीवर उभा राहिला तर तो बॉक ठरतो. तिसऱ्या बेसकडे फेकण्याचा आविर्भाव करून पहिल्या बेसकडे वळण्याची पिचरची क्लृप्ती दीर्घकाळ वैध होती. २०१३ च्या हंगामापासून ती बॉक मानली जाऊ लागली. मग सीमारेषा कोठे आहे?

मागील दोन नियमांतून हाती आलेले सूत्र येथे उपयोगी पडते. लपवलेला चेंडू सावध धावकाला ओळखता येतो. चेंडू कोणाकडे आहे याची खात्री होईपर्यंत त्याने बेस सोडू नये, एवढे पुरेसे आहे. परंतु चेंडूफेकीची सुरुवात हा धावकाच्या निर्णयाचा एकमेव आधार असतो. तो आधारच खोटा ठरू लागला तर कितीही सावध धावकाला बचाव उरत नाही. म्हणजे बेसबॉल कपटाच्या विरोधात नाही. प्रतिस्पर्ध्याला योग्य पर्यायच न ठेवणाऱ्या कपटाच्या विरोधात आहे. कायद्याचे प्राध्यापक हॉवर्ड वॅसरमन यांनी इनफिल्ड फ्लायच्या समर्थनार्थ लाभ आणि किंमत यांतील विषमता व प्रतिपक्षाची हतबलता या कसोट्या मांडल्या आहेत. त्यांतील हतबलतेची कसोटी बॉकलाही मोठ्या प्रमाणात लावता येते.

तथापि बॉकच्या बाबतीत शब्दरचनेने घात केल्याचे उदाहरणही आहे. १९८८ मध्ये पिचरच्या स्थिर होण्याविषयीचे शब्द बदलून तो थांबा पूर्ण आणि स्पष्ट दिसणारा असावा, असे करण्यात आले. परिणामी त्या हंगामात ९२४ बॉक घोषित झाले. हा आकडा आदल्या हंगामाच्या दुपटीहून अधिक होता. पिचर एका वर्षात अधिक कपटी झाले नव्हते. बदलला होता तो केवळ शब्द. पुढील हंगामापासून शब्दरचना पुन्हा सौम्य करण्यात आली. शिवाय २०२३ पासून एका फलंदाजाच्या पाळीत पिचरने धावकाला टिपण्यासाठी तिसऱ्यांदा केलेला प्रयत्न फसला तर तोही बॉक ठरतो. त्याचा फसवणुकीशी संबंध नाही. खेळ वेगवान करणे हा त्याचा हेतू आहे. एकाच संज्ञेखाली दोन भिन्न प्रयोजने आणल्याने हा नियम अधिक धूसर झाला आहे, असे नोंदवावे लागते.

शब्द आणि प्रयोजन

नियम परिस्थितीच्या भाषेत लिहिला तरी तो पूर्णपणे यांत्रिक होत नाही. इनफिल्ड फ्लायमधील ‘सामान्य प्रयत्न’ हा शब्दप्रयोग पाहावा. त्याची व्याख्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूवर, मैदानाच्या व हवामानाच्या स्थितीवर बेतलेली आहे. म्हणजे ती पंचाच्या अंदाजावरच उभी आहे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी, मिकी ओवेनच्या त्या चुकीला बरोबर ७१ वर्षे झाली त्या दिवशी, अटलांटा ब्रेव्हज आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यातील बाद फेरीच्या सामन्यात हे उघड झाले. आठव्या डावात ब्रेव्हजचे दोन धावक पहिल्या व दुसऱ्या बेसवर होते आणि एक गडी बाद होता. अँड्रेल्टन सिमन्सचा उंच टोला डाव्या आउटफिल्डमध्ये गेला. मागे धावत गेलेला शॉर्टस्टॉप पीट कोझ्मा अखेरच्या क्षणी बाजूला झाला आणि चेंडू जमिनीवर पडला. तत्पूर्वी निमिषभर पंच सॅम होलब्रुक यांनी इनफिल्ड फ्लाय घोषित केला होता. तिन्ही बेस व्यापलेले आणि एकच गडी बाद, अशी आशादायक स्थिती दोन गडी बाद अशी झाली. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या व कचरा फेकला. खेळ १९ मिनिटे थांबला. ब्रेव्हजचा निषेध फेटाळला गेला आणि ते ३–६ असे हरले.

शब्दांच्या कसोटीवर या निर्णयाचे समर्थन करता येते, कारण नियम इनफिल्डर झेल घेऊ शकतो काय एवढेच विचारतो. चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आहे, हे नाही. परंतु प्रयोजनाच्या कसोटीवर तो दुबळा आहे. इतक्या दूरवर चेंडू पाडून दोन गडी बाद करणे जवळजवळ अशक्य होते आणि कोझ्माच्या वागण्यात कपटाचा लवलेशही नव्हता.

याउलट २४ जुलै १९८३ रोजी यांकी स्टेडियमवर कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या डावात होम रन मारली. बॅटच्या दांड्यापासून १८ इंचांपलीकडे पाइन टार लावल्याच्या कारणावरून पंचांनी ती रद्द करून त्याला बाद दिले. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी रॉयल्सचा निषेध मान्य केला. चेंडू खराब होऊ नयेत यासाठी ही मर्यादा आहे, फलंदाजाला मिळणारा लाभ रोखण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. १८ ऑगस्टला उर्वरित सामना खेळवला गेला आणि रॉयल्सने तो ५–४ असा जिंकला.

या दोन निषेधांना भिन्न उत्तरे का मिळाली? तत्कालीन व्यवस्थेत नियमाच्या अर्थाविरुद्ध दाद मागता येत असे, पंचाच्या अंदाजाविरुद्ध नाही. इंचांची मर्यादा काटेकोर होती, म्हणून तिच्यामागील प्रयोजन विचारता आले. ‘सामान्य प्रयत्न’ ही अंदाजाची बाब होती, म्हणून ते विचारता आले नाही. विरोधाभास असा की, लवचीक शब्दच येथे अधिक कठोर ठरला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, बेसबॉलचे गोंधळात टाकणारे नियम लहरीतून आलेले नाहीत. प्रतिस्पर्ध्याला योग्य पर्याय न उरणे हा अन्याय आणि तो रोखताना मनाऐवजी परिस्थिती मोजणे हा उपाय, या दोन कल्पनांनी त्यांतील बरीच गुंतागुंत उलगडते. निसटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकमध्ये जुन्या खेळाचा अवशेष आहे, पण त्याचा अपवाद याच तर्कावर उभा आहे. बॉकमध्ये हा तर्क अंशतः टिकतो, अंशतः सुटतो.

मात्र तर्कशुद्ध नियम आणि पटणारा नियम या दोन गोष्टी एक नव्हेत. अटलांटातील प्रेक्षक संतापले, त्यामागे हरण्याच्या भीतीबरोबरच डोळ्यांसमोर पडलेला चेंडू झेलल्यासारखा का मानायचा हे न उमगणे होते. नियमपुस्तकात इनफिल्ड फ्लायची व्याख्या एका प्रकरणात आणि फलंदाज बाद असल्याचे कलम दुसऱ्या प्रकरणात आहे. त्यामागील कारण तर सलगपणे कोठेच सांगितलेले नाही. बॉकच्या टीपेत जसा उद्देश नमूद आहे, तसा तो याही नियमाला जोडणे अवघड नाही. त्याने २०१२ चा वाद टळला असता असे नाही. पण तो वाद निदान योग्य प्रश्नावर झाला असता. ज्याच्यावर निर्णय लादला जातो त्याला त्याचे कारण कळण्याचा अधिकार असतो, ही अपेक्षा न्यायालयाच्या निकालपत्राकडून आपण करतो. खेळाच्या नियमाकडूनही ती करावयास हरकत नसावी.